मायेचे खाते वेगळे ठेवा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाने घेतलेल्या 'घरगुती उद्योग' या कार्यक्रमातील भाषणाचे शब्दांकन. वक्ते : बी विंगमधील एक ज्येष्ठ सभासद, निवृत्त बँक अधिकारी)



महिला मंडळाने मला विषय दिला होता 'घरगुती उद्योगाचे आर्थिक नियोजन'. मी सदतीस वर्षे बँकेत काढली, तेव्हा हा विषय माझ्या गळ्यात पडणे साहजिकच होते. मी तयारीला बसलो. नफा, तोटा, खेळते भांडवल, कर्जाच्या योजना असे सगळे कागदावर उतरवले. आमच्या सौ.नी तो कागद वाचला आणि म्हणाल्या, "हे सगळं बरोबर आहे. पण आमचा धंदा यातल्या कशानेही कधी अडला नाही. अडला तो जीव अडकल्यामुळे. त्यावर बोला की!"

त्या समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. माझे काही चुकले तर तिथूनच सांगतील, त्यामुळे तुम्ही निर्धास्त ऐका.

तर विषय असा, की घरात धंदा करताना त्यात आपला जीव अडकतो, त्याचे काय करायचे? दुकानदाराला हा प्रश्न कमी पडतो. तो शटर खाली ओढतो आणि घरी जातो. घरगुती उद्योगाला शटर नसते. गिऱ्हाईक म्हणजे शेजारीण, कारखाना म्हणजे स्वयंपाकघर, आणि कामगार, मॅनेजर, मालक, हमाल सगळे एकच बाई. आपल्याच सोसायटीत बघा. कुणी डबे देते, कुणी ब्लाऊज शिवते, कुणी केक करते, कुणी शिकवण्या घेते, एका घरी इमिटेशन ज्वेलरीचे मणी ओवायचे काम चालते. यातले कुठलेही काम मायेशिवाय होत नाही. आणि याच मायेमुळे यातली बरीच कामे बुडतातही. हे मी पुस्तकातले सांगत नाही. माझ्या घरात घडले आहे.

आपण २००० साली इथे राहायला आलो तेव्हा इथे महानगरपालिका नव्हती. नगरपरिषद होती. मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली २००२ साली. आपल्यापैकी पुष्कळजण गिरगाव, लालबाग, परळच्या खोल्या सोडून इथे आले, कारण तिथे जागा मिळत नव्हती आणि इथली परवडत होती. नातेवाईक म्हणायचे, "भाईंदर? तिथे मिठागरांशिवाय काय आहे?" पाण्याचे हाल होते. मी सकाळची लोकल पकडायचो ती रात्री आठ-साडेआठला परत. मुलगा कॉलेजात गेला आणि सौ. घरात एकट्या पडल्या. पहिल्या दिवाळीत त्यांनी हौसेने फराळ केला, मजल्यावरच्या चारही घरी ताट गेले. दुसऱ्या वर्षी दोघीतिघी म्हणाल्या, "काकू, आम्हाला दोन किलो चकली करून द्या ना, पैसे घ्या हं!" धंदा असा सुरू झाला. पाच-सहा वर्षांत आपल्या तिन्ही विंगा, समोरची बिल्डिंग आणि माझ्या बँकेतले सहकारी, एवढे गिऱ्हाईक झाले. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यांमधून मोठाले डबे आले, नवा सोऱ्या आला. दसरा झाला की आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची.

आता गंमत बघा. मी दिवसभर बँकेत लोकांना विचारायचो, "बॅलन्स शीट कुठे आहे? येणे किती, देणे किती?" आणि स्वतःच्या घरातल्या उद्योगाचा हिशेब मी सहा वर्षे एकदाही बघितला नाही. २००७ च्या दिवाळीनंतर, तुळशीचे लग्न झाल्यावर, एका रविवारी मी सौ.ची डायरी मागितली आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.

विक्री ४१,२०० रुपये. आकडा बघून मी चाटच पडलो. मग खर्च मांडला. डाळी-तांदूळ, तेल, तूप, रवा, साखर, सुकामेवा मिळून २९,३००. गॅस आणि पॅकिंगचे डबे २,४००. मदतीला येणाऱ्या मावशींचे ३,५००. एकूण ३५,२००. म्हणजे शिल्लक ६,०००. वाईट नाही, म्हटले. मग विचारले, "हे पैसे कुठे आहेत?" तर त्यातले ४,४०० उधारीवर. हातात आले १,६०० रुपये. काम चालले होते २४ दिवस. दिवसाला सत्तर रुपयेसुद्धा पडले नाहीत. मावशींना दिवसाला जवळजवळ दीडशे मिळाले. मालकिणीपेक्षा दुप्पट!

मी हे सगळे मोठ्या आवाजात वाचून दाखवले. माझी चूक इथे झाली. मला वाटले, मी हिशेब सांगतोय. सौ.ना ऐकू आले की त्यांची चोवीस दिवसांची मेहनत फुकट गेली असे मी म्हणतोय. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही माझ्या चकलीला बॅलन्स शीट लावता?" पुढचे चार दिवस आमच्या घरी अत्यावश्यक सेवा तेवढ्या चालू होत्या. (मागच्या बाकावरच्या मंडळींनी हसू नये, तुमच्याही घरी हे होते.)

चार दिवसांनी त्यांनी स्वतःच सांगितले की आकडे त्यांना आतून माहीत होते. पण सख्ख्या शेजारणीकडून भाव कसा लावायचा? जिने आपल्या आजारपणात आठ दिवस डबा दिला, तिला "किलोला इतके" कसे सांगायचे? आणि पैसे राहिले तर दारात जाऊन मागायचे कसे? म्हणून भाव कमी लावला, वजन थोडे जास्त टाकले, उधारी मागितली नाही. याला बँकेच्या भाषेत तोटा म्हणतात. घरच्या भाषेत संकोच म्हणतात.

त्या रात्री मला एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगण्यासाठी तुम्हाला पंचवीस वर्षे मागे, लालबागला घेऊन जातो.

मी १९८२ साली गिरणगावातल्या एका शाखेत अधिकारी होतो. त्या भागात खानावळी चालवणाऱ्या शेकडो बाया होत्या. खानावळ म्हणजे काही हॉटेल नव्हे. दहा बाय बाराच्या खोलीत चूल, आणि गावाकडे कुटुंब ठेवून एकटे राहणारे गिरणी कामगार तिथे दोन वेळ जेवायचे. पैसे महिन्याच्या पगाराला. म्हणजे बाईने महिनाभर आधी घालायचे आणि मग मिळवायचे. किराणा आणायला सावकाराचे दार. या बायांना एकत्र आणण्याचे काम प्रेमाताई पुरव यांनी केले. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि ज्यांच्याकडे तारण म्हणून दाखवायला काही नाही अशा बायांना राष्ट्रीयीकृत बँकांची छोटी कर्जे मिळवून दिली. चार टक्के व्याजाची एक योजना त्या काळी होती, गरीब कर्जदारांसाठी. आम्हा बँकवाल्यांना धाकधूक असायची. पण या बाया हप्ता बुडवत नसत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पगार बंद, म्हणजे खानावळीचे पैसेही बंद. आमच्या शाखेतल्या एका खानावळवाल्या बाईंचे दोन हप्ते चुकले, म्हणून मी चौकशीला गेलो. मला वाटले, बाई रडतील, गयावया करतील. बाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि दोन वह्या ठेवल्या.

पहिल्या वहीत जेवणाऱ्यांचे येणे होते, नावासकट, तारखेसकट. गावी निघून गेलेल्यांचेही. "हे मी मागणार," त्या म्हणाल्या, "आज ना उद्या." दुसऱ्या वहीत चारच नावे. "ह्यांचे पैसे मी मागणार नाही. गावचे आहेत, पोरगेले आहेत, जातील कुठे?"

मी म्हटले, "बाई, म्हणजे हे पैसे गेलेच की!"

त्या म्हणाल्या, "गेले नाहीत साहेब. मी दिलेत. गेलेलं आणि दिलेलं, यात फरक आहे."

मी विचारले, चारच का? तर म्हणाल्या, "चारांना पुरवण्याची माझी ताकद आहे. पाचवा बसवला तर माझीच चूल विझेल, मग त्या चारांचंही गेलं."

मी पदवीधर माणूस, बँकेच्या परीक्षा दिलेला. पण इतक्या थोड्या शब्दांत कर्जमर्यादा, बुडीत खाते आणि दानधर्म मला कुणी समजावला नव्हता. त्या बाईंनी पुढे ऑफिसांना डबे पुरवायला सुरुवात केली. कर्ज उशिरा फिटले, पण पूर्ण फिटले.

हे मी सौ.ना सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग डायरीच्या मागच्या बाजूने नवे पान उघडले आणि वर लिहिले 'मायेचे'. म्हणाल्या, "आता सांगा, या ४,४०० मधलं येणं कुठलं आणि मायेचं कुठलं, ते एकेक करून बघू."

यात एक नाव होते, १,१५० रुपयांचे. आपल्याच विंगमधल्या एक ताई. आता त्या इथे राहत नाहीत, मुलाकडे विरारला असतात. फोन करून त्यांची परवानगी घेतली आहे म्हणून सांगतो, नाव मात्र सांगणार नाही. त्या वर्षी त्यांच्या मिस्टरांची कंपनी बंद पडली होती. आणि त्याच वर्षी लेकीचा पहिला दिवाळसण होता. जावई येणार म्हणून त्यांनी आमच्याकडून फराळ नेला. "पुढच्या आठवड्यात देते" म्हणाल्या. ते पैसे त्यांना देता आले नाहीत. नंतर त्या आम्हाला दिसेनाशा झाल्या. चौथ्या मजल्यावरच्या त्या, गुडघे दुखत असूनही लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागल्या, का तर लिफ्टमध्ये सौ. भेटतील. आणि इकडे आमच्या सौ.च्या मनात काय? "तिला माझा फराळ आवडला नसणार. जावयासमोर नाव गेलं असणार. म्हणून टाळते." दोन जिवाभावाच्या मैत्रिणी, दोघीही दुखावलेल्या, आणि दोघींचाही अंदाज चुकीचा. असे किती महिने चालले असते कुणास ठाऊक.

सौ.नी 'मायेचे' या पानावर पहिली नोंद केली : लेकीच्या दिवाळसणाला भेट, ११५०. आणि त्या वर गेल्या. दार उघडल्यावर एवढेच म्हणाल्या, "अहो, ते पैसे मी वहीतून काढले. तुमच्या लेकीला मावशीकडून."

तुम्ही म्हणाल, मनातल्या मनात सोडले असते तर काय बिघडले असते? बिघडले असते. इतके दिवस मनातच तर सोडलेले होते! मनात सोडलेले पैसे सुटत नाहीत. देणाऱ्याच्याही नाही आणि घेणाऱ्याच्याही नाही. वहीत लिहून, तोंडाने सांगून दिले, तेव्हा ते सुटले. पुढच्या दिवाळीला त्या ताई आठ दिवस आमच्याकडे चकल्या पाडायला आल्या. त्यांची मजुरी वहीत लिहिली गेली आणि त्यांनी ती हात पुढे करून घेतली. ते मला फार आवडले.

बाकीच्या उधारीसाठी आम्ही बँकेचाच नियम लावला. बँकेत नव्वद दिवस हप्ता आला नाही की खाते एनपीए होते. आमच्याकडे नव्वद दिवस झाले की एक ठरवायचे. एकतर जाऊन हसतमुखाने मागायचे, नाहीतर 'मायेचे' पानावर टाकायचे. अधांतरी ठेवायचे नाही. आणि त्या पानाला मर्यादा ठरवली, दर दिवाळीला हजार रुपये. त्याच्या पुढे माया करायची असेल तर ती माझ्या पेन्शनमधून करावी, असा ठराव सौ.नी सूचक आणि अनुमोदक दोन्ही स्वतःच होऊन मंजूर केला.

हे झाले गिऱ्हाइकाचे. आता मालाचे सांगतो. घरगुती उद्योगात जीव सर्वात जास्त अडकतो तो आपण बनवलेल्या वस्तूत. कुणी म्हणाले, "यंदा चकली जरा कडक झाली का हो?" की संपले. आपल्याला वाटते, आपणच कडक झालो. दोन दिवस जेवण जात नाही.

इथे मला लिज्जत पापडाचे उदाहरण द्यावेसे वाटते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर सात भगिनी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्याच एक. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल पारेख म्हणजे छगनबाप्पा यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. मी तेव्हा नऊ वर्षांचा, राहायला गिरगावातच, पण अर्थातच या गोष्टीचा मला पत्ता नव्हता. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. वर खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. असा तोडगा निघाला.

सुरुवातीला त्यांचा विचार दोन प्रतींचे पापड करण्याचा होता, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी सांगितले, प्रत एकच ठेवा, तिच्यात तडजोड नको, आणि हिशेब चोख ठेवा. देणगी घ्यायची नाही, हेही त्यांनी ठरवलेले होते, तोटा झाला तरी.

पुढे त्यांनी जी पद्धत बसवली ती मला आजच्या विषयासाठी महत्त्वाची वाटते. पीठ केंद्रावर मळले जाते. भगिनी ते घरी नेतात, घरी पापड लाटतात आणि परत आणून देतात. तिथे पापड तपासले जातात, वजन होते आणि लाटण्याची मजुरी मिळते. यात दोन गोष्टी बघा. पहिली, बाईच्या मजुरीचा हिशेब आधीच धरलेला आहे. उरले-सुरले तिचे, असे नाही. आमच्या सौ.नी सहा वर्षे स्वतःची मजुरी धरलीच नव्हती. दुसरी गोष्ट, तपासणीत पापड नापास होतो, बाई नापास होत नाही. सगळ्याजणी एकमेकींना बहीणच म्हणतात. म्हणजे माया काढून टाकलेली नाही. फक्त मायेची जागा वेगळी आणि तपासणीची जागा वेगळी. आणि सुरुवातीच्या त्या दिवसांत जे पापड तुटायचे, ते शेजाऱ्यांना वाटले जायचे. अख्खे विकायला, तुटके शेजारधर्माला. कसा सुंदर हिशेब आहे!

आमच्याकडे याच्या बरोबर उलटे होते. अख्ख्या चकल्या विकायला आणि तुटक्या आम्हाला. एका दिवाळीला मुलगा म्हणाला, "आई, आपल्या घरात अख्खी चकली कधी मिळणार?" सगळे हसले, पण सौ. हसल्या नाहीत. दुसऱ्या वर्षीपासून पहिला घाणा घरचा. देवापुढे नैवेद्य, मग घरच्यांना ताट, मग धंदा. हा नियम आम्ही कधी मोडला नाही. ज्या घरासाठी आपण राबतो त्या घराला गाळसाळ मिळत असेल, तर धंद्याचे कुठेतरी चुकते आहे असे समजावे.

मालाची तपासणी आम्हीही सुरू केली. दरवर्षी पहिल्या घाण्यातल्या चार चकल्या एका तिऱ्हाईत माणसाला द्यायच्या, जो आमचे मन राखणार नाही. असा माणूस आपल्या सोसायटीत एकच आहे आणि ते सध्या व्यासपीठावर बसले आहेत. त्यांनी एकदा स्पष्ट सांगितले, "वहिनी, मोहन कमी पडलंय." त्या दिवशी सौ. माझ्यावर चिडल्या, पण भाजणीत मोहन वाढले.

एका वर्षी कमिटीकडे तक्रारीचा अर्ज आला, की आमच्या तळणाचा वास आणि धूर डक्टमधून वरच्या घरांत जातो. अर्ज ज्यांनी केला ते दरवर्षीचे आमचे गिऱ्हाईक! सौ.ना फार लागले. "माझ्या हातचं खातात आणि माझ्याच विरुद्ध अर्ज करतात?" मी तेव्हा सोसायटीचा खजिनदार. धर्मसंकट! मी अर्ज तीनदा वाचला. त्यात चकलीबद्दल अवाक्षर नव्हते. धुराबद्दल होते. मग तळणाची वेळ ठरवली, सकाळी अकरा ते दुपारी चार. एक्झॉस्ट फॅनची दिशा बदलली. कमिटीला लेखी कळवले. विषय संपला. त्या गृहस्थांनी त्या वर्षी नेहमीप्रमाणे तीन किलो नेली. म्हणून सांगतो, तक्रार आली की आधी ती नेमकी कशाबद्दल आहे ते वाचा. पुष्कळदा ती आपल्याबद्दल नसतेच.

आता शेवटचा आणि सगळ्यात अवघड मुद्दा. धंदा सोडण्याचा.

२०१९ साली सौ.च्या दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारला. डॉक्टर म्हणाले, तासन्‌तास उभे राहणे बंद. तेव्हा त्या इतक्या अस्वस्थ झाल्या की मला आश्चर्य वाटले. पैशाचा प्रश्न नव्हता. माझे पेन्शन आहे, मुलगा-सून पुण्याला चांगल्या नोकरीत आहेत. पण मी निवृत्त झालो तेव्हा बँकेने निरोप समारंभ केला, हार घातला, शाल-श्रीफळ दिले. ह्यांना कोण निवृत्त करणार? अठरा वर्षे ज्या कामाने "चकलीवाल्या काकू" ही ओळख दिली, ते थांबले तर आपण कोण, हा प्रश्न होता. घरगुती उद्योग बंद करण्याची तारीख कुणी ठरवत नाही. म्हणून बाया अंग मोडेपर्यंत ओढत राहतात.

सी विंगमधली एक तरुण सून शिकायला तयार होती. दोन महिने सौ. चालढकल करत होत्या. "भाजणीचं प्रमाण अंदाजे असतं, सांगता येत नाही." शेवटी ती मुलगी वजनकाटा घेऊनच आली. सौ. मुठीने घालतील ते ती काट्यावर ठेवी आणि लिहून घेई. एका दुपारी अठरा वर्षांचा अंदाज एका कागदावर उतरला. त्या रात्री सौ. मला म्हणाल्या, "एवढंसंच होतं का हो ते?"

त्या मुलीने पहिल्याच वर्षी चकली लहान केली, ओवा वाढवला, पाकिटात भरून मोबाइलवरून ऑर्डरी घ्यायला लागली. एफएसएसएआयची नोंदणी काढली, पाकिटावर नंबर छापला. सौ.नी चाखून बघितली आणि म्हणाल्या, "ही माझी चकली नाही."

मी म्हटले, "बरोबर आहे. ती तिचीच आहे."

हे वाक्य पचायला त्यांना एक दिवाळी लागली. आता त्या दसऱ्यानंतर रोज दुपारी तासभर सी विंगला जाऊन खुर्चीवर बसतात आणि सोऱ्या कसा धरायचा ते दाखवतात. त्याचे पैसे घेतात का? घेतात! तासाप्रमाणे. मुलीने आग्रह धरला, "काकू, तुमच्याच डायरीत लिहिलंय, स्वतःची मजुरी धरायची." ती डायरी सौ.नी तिला दिली आहे. फक्त 'मायेचे' हे पान फाडून स्वतःकडे ठेवले आहे. त्या पानावर काय काय आहे ते मलाही पूर्ण माहीत नाही, आणि मी विचारतही नाही.

महिला मंडळाने मला नियोजनावर बोलायला सांगितले होते, तेव्हा कर्तव्य म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून टाकतो.

एक, धंद्याचे बँक खाते वेगळे ठेवा, आणि ते बाईच्या स्वतःच्या नावावर असू द्या. किराण्याच्या पैशात धंद्याचे पैसे मिसळले की नफा कुणालाच दिसत नाही.

दोन, भाव ठरवताना माल, गॅस, पॅकिंग आणि स्वतःची मजुरी, चारही धरा. सवलत द्यायची तर पूर्ण भाव लिहून त्यातून वजा करा. म्हणजे आपण काय दिले हे आपल्यालाही कळते आणि घेणाऱ्यालाही.

तीन, कर्ज लागले तर मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत मिळते. पण कर्ज वाढलेल्या ऑर्डरीसाठी घ्या. थकलेली उधारी झाकण्यासाठी घेऊ नका. मी असली खाती बँकेत खूप पाहिली आहेत.

चार, खाण्याचा पदार्थ विकत असाल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करा. घरातून विकतो म्हणून त्यातून सुटका नाही.

पण मंडळी, हे चारही नियम कुणीही बँकवाला सांगेल. मला जे सांगायचे आहे ते त्या लालबागच्या बाईंनी आणि समोर बसलेल्या आमच्या सौ.नी शिकवलेले आहे. लोक म्हणतात, धंद्यात भावना आणू नये. मला हे पटत नाही. घरातून निघणाऱ्या वस्तूत भावना नसेल तर लोक बाजारातून का घेणार नाहीत? भावना आणाच. फक्त तिचे खाते वेगळे ठेवा. जे द्यायचे ते मोजून द्या, लिहून द्या आणि आपल्या ताकदीपुरते द्या. मग शेजारणीला जिना चढायला लागणार नाही आणि आपल्या हातात चोवीस दिवसांचे सोळाशे रुपये उरणार नाहीत.

या पंचवीस वर्षांत आपण पाण्याचे टँकर, लिफ्टचे बिघाड, मेंटेनन्सची थकबाकी असे पुष्कळ काही एकत्र निभावले. थकबाकीची यादी नोटीस बोर्डावर लागते, ती लागलीच पाहिजे. पण आपण एकमेकांना जे दिले, त्याची यादी कुठल्याच बोर्डावर लागत नाही. ज्याने त्याने ती आपल्या घरी, मागच्या पानावर ठेवावी.

सौ. हात वर करत आहेत. म्हणजे एकतर माझे काही चुकले आहे, नाहीतर चहा तयार आहे. दोन्ही बाबतीत मी थांबलेलेच बरे.